दोन बोटे गवत

१९७९ साली ब्रिटनमधून एक फुलपाखरू नाहीसे झाले. इंग्रजीत त्याला लार्ज ब्लू म्हणतात. नावात मोठेपणा असला तरी पंख पसरल्यावर ते जेमतेम दोन इंच भरते. ब्रिटनमधली त्याच्या नीळ कुळातली बाकीची मंडळी याहूनही चिमुकली, म्हणून हे मोठे. पंख निळे, पुढच्या पंखांवर काळे ठिपके. दिसायला देखणे आणि पहिल्यापासून दुर्मीळ, त्यामुळे १७९५ मध्ये ब्रिटनमधून त्याची पहिली नोंद झाल्यापासून संग्राहक त्याच्यामागे हात धुऊन लागले होते.

त्याची शेवटची वसाहत डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या कडेला होती. ती जागा कुणी नांगरली नव्हती. तिथे कारखाना आला नव्हता की फवारणी होत नव्हती. सुरवंट ज्या वनस्पतीवर जगतो ते रानथाइम तिथे हवे तेवढे होते. फुलपाखरू धोक्यात आहे हे जाणकारांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. त्याच्या रक्षणासाठी १९६० च्या दशकात खास समितीही नेमली गेली होती. तरीही ते गेले. जंगल तोडले आणि वाघ गेला, हे समजू शकते. इथे घर जागेवर होते, ताटात अन्न होते, दारात पहारा होता आणि राहणारा तेवढा नाहीसा झाला.

कीटकांच्या ऱ्हासावर लिहिताना कीटकनाशके, वाढती शहरे, रात्रीचे दिवे, तापणारी हवा अशी नावे ओघाने येतातच. त्यांतल्या कीटकनाशकांकडे आपण पुढे वळूच. आधी या फुलपाखराची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण कीटक वाचवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे इतक्या लख्खपणे दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

थाइम ही जमिनीलगत पसरणारी, जांभळट फुलांची सुवासिक वनस्पती. आपल्या ओव्याला थायमॉल नावाच्या द्रव्यामुळे जो वास येतो, त्याच द्रव्यासाठी थाइमही ओळखले जाते. जून-जुलैत लार्ज ब्लूची मादी थाइमच्या कळ्यांमध्ये एकेक अंडे घालते. त्यातून निघालेला सुरवंट कळी पोखरून आतला कोवळा भाग खातो. एकाच फुलोऱ्यात दोन सुरवंट निघाले तर एक दुसऱ्याला खाऊन टाकतो. म्हणजे याची लक्षणे पाळण्यातच दिसतात. दोन-तीन आठवड्यांत तीनदा कात टाकून झाली की तो शाकाहार कायमचा सोडतो. त्याचे वजन तेव्हा काही मिलिग्रॅमच असते. संध्याकाळच्या सुमारास तो फुलावरून स्वतःला खाली सोडून देतो आणि जमिनीवर गप्प पडून राहतो.

तो वाट पाहत असतो मुंगीची. मिर्मिका नावाच्या लाल मुंग्या याच वेळी अन्नाच्या शोधात हिंडत असतात. त्यांतली एखादी त्याच्यापाशी येते आणि मिशांनी त्याला चाचपते. सुरवंटाच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब पाझरतो. मुंगी तो पिते. हा प्रकार काही वेळ चालतो. मग सुरवंट अंग फुगवून, पाठ ताठ करून अशी काही बैठक घेतो की तो मुंगीच्या अळीसारखा दिसू लागतो. अंगाचा वासही मुंग्यांच्या अळ्यांशी जुळणारा असतो. आपलेच एक बाळ घराबाहेर पडले आहे असे समजून मुंगी त्याला तोंडात धरते आणि वारुळात नेऊन आपल्या अळ्यांमध्ये ठेवते. तिथे सुमारे दहा महिने राहून हा पाहुणा यजमानांच्याच अळ्या खातो. त्याच्या अंतिम वजनापैकी जवळजवळ ९८ टक्के वजन या वारुळातल्या मुक्कामात चढते. तिथेच त्याचा कोष होतो. पुढच्या जूनमध्ये फुलपाखरू कोषातून निघते, मुंग्यांच्या बोगद्यातून चालत वर येते, गवताच्या काडीवर चढून पंख वाळवते आणि उडते. त्यानंतरचे आयुष्य काही दिवसांचे. आपण ज्याला फुलपाखरू म्हणून ओळखतो ती या प्राण्याच्या आयुष्याची शेवटची चार-सहा पाने आहेत. बाकीचे पुस्तक जमिनीखाली घडते.

नीळ कुळातल्या फुलपाखरांचे मुंग्यांशी सख्य असणे यात नवल नाही. ते आपल्याकडेही पाहायला मिळते. माळावरच्या बोरीच्या झुडपावर पियरो नावाच्या छोट्या ठिपकेदार फुलपाखरांचे सुरवंट असतात आणि त्यांच्या आजूबाजूला मुंग्या घुटमळताना दिसतात. तो व्यवहार रोखठोक आहे. सुरवंट गोड रस देतो, मुंग्या त्याची राखण करतात. लार्ज ब्लूने याच व्यवहाराचे रूपांतर दगाबाजीत केले. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते तसाच हा प्रकार म्हणावा, तर कोकिळेच्या पिल्लावर अन्याय होईल. ते निदान कावळ्याची पिल्ले खात नाही.

मुंग्यांशी असलेले हे नाते कळायलाही बराच काळ गेला. थाइमवरचा सुरवंट तिसऱ्या कातीनंतर जातो कुठे, हे कोडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुटले नव्हते. लोक सुरवंट घरी आणून वाढवायचे आणि नेमक्या याच टप्प्यावर ते मरायचे. १९१५ मध्ये चॅपमन नावाच्या अभ्यासकाला थाइमचे रोप उपटताना त्याच्या मुळाशी मिर्मिका मुंग्यांच्या वारुळात हा सुरवंट सापडला. पुढे कॅप्टन प्युअरफॉय या हौशी माणसाने अक्रोडाच्या कवचांत मुंग्या पाळून सुरवंट वाढवून दाखवले. यानंतर सगळ्यांना वाटले की आता सारे समजले. फुलपाखराला थाइम लागते आणि मिर्मिका मुंग्या लागतात. दोन्ही गोष्टी इंग्लंडच्या उतारांवर मुबलक होत्या. मग फुलपाखरू कमी का होते आहे? दोष संग्राहकांच्या माथी गेला.

हा आरोप अगदीच खोटा नव्हता. संग्राहकांची हाव इतकी चिवट की २०१७ मध्येसुद्धा एका माणसाला लार्ज ब्लू पकडून मारल्याबद्दल ब्रिटिश न्यायालयाने दोषी ठरवले. पण या निदानातून निघालेला उपाय घातक ठरला. फुलपाखराच्या जागांना कुंपणे पडली. जाळी घेऊन येणारा माणूस बाहेर राहिला, आणि त्याच्याबरोबर गाई, मेंढ्या, घोडेही बाहेर राहिले. गवताला मोकळे रान मिळाले. कुंपणाच्या आतली फुलपाखरे बाहेरच्यांच्या आधी संपली, तरी कुणाच्या लक्षात आले नाही. बंदोबस्त कमी पडला, एवढाच अर्थ लोकांनी काढला.

१९७२ मध्ये जेरेमी थॉमस हा तरुण शास्त्रज्ञ या प्रश्नाला भिडला. तेव्हा मोजक्या वसाहती उरल्या होत्या. त्याने सलग काही उन्हाळे त्या उतारावर मुक्काम केला आणि जे मोजता येईल ते सगळे मोजले. अंडी किती, त्यांतली किती फुटली, किती सुरवंट खाली पडले, त्यांना कुठल्या मुंगीने उचलले, कुठल्या वारुळातून किती फुलपाखरे निघाली. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात शोधाचा तो एकमेव रोमहर्षक क्षण नसतो. निसर्गसंरक्षणाच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो. खरे तर गोष्टीतला निर्णायक भाग तोच असतो.

या मोजणीतून जे निघाले ते असे. मिर्मिका ही एक मुंगी नाही, त्या वंशात अनेक जाती आहेत. सुरवंट समोर पडला तर यांतली कुठलीही जात त्याला घरी नेते. पण बहुतेक वारुळांमध्ये काही काळाने त्याचे बिंग फुटते आणि तो मारला जातो. टिकून राहण्याची खरी शक्यता एकाच जातीच्या वारुळात असते, ती म्हणजे मिर्मिका साबुलेटी. त्यातही वारूळ भरलेले हवे. एक फुलपाखरू वाढवायचे तर साडेतीनशेच्या आसपास कामकरी मुंग्यांचे घर लागते. एकाच वारुळात अनेक सुरवंट शिरले तर अळ्या संपतात आणि सगळेच उपाशी मरतात. थाइमचे झुडूप साबुलेटीच्या वारुळाजवळ नसेल तर त्याच्यावर अंडे घालणे म्हणजे ते वाया घालवणे. आता उताराकडे पुन्हा पाहा. थाइम भरपूर आहे, मिर्मिकाही भरपूर आहेत, पण साबुलेटी मुंगीची वारुळे पाहिली तर त्यांचा पत्ता नाही.

साबुलेटी उष्णतेची भुकेली आहे. तिच्या दृष्टीने इंग्लंड म्हणजे थंड प्रदेशाची सीमा. तिथे ती फक्त दक्षिणेकडे तोंड असलेल्या, उन्हाने तापणाऱ्या उतारांवर जगते, आणि तेही गवत अगदी आखूड असेल तर. गवताची उंची तीन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे जेमतेम दोन बोटे हवी. ते याहून थोडे वाढले की जमिनीवर सावली पडते. मातीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, आणि साबुलेटीच्या जागी थंडीला सोशीक असलेली दुसरी मिर्मिका घर करते. आपल्याला तो उतार पूर्वीसारखाच हिरवागार दिसतो, किंबहुना जास्तच हिरवा दिसतो. मुंगीच्या उंचीवरून पाहिले तर देश बदललेला असतो.

मग गवत का वाढले? दोन कारणांनी. एक, या चढ्या, निकस उतारांवर गुरे चारणे शेतकऱ्यांना परवडेनासे झाले आणि त्यांनी ते सोडले. दोन, ससे. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणुजन्य रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत तिथले जवळजवळ ९९ टक्के ससे मेले. हे ससे मूळचे ब्रिटनचे नव्हते, त्यांना माणसाने आणले होते. शेतीच्या दृष्टीने ते उपद्रवी होते, म्हणून त्यांच्या मरण्याने अनेकांना आनंदच झाला. पण गुरे गेल्यावर उताराचे गवत आखूड ठेवणारे तेच शेवटचे प्राणी होते. ससा मेला, गवत वाढले, माती गार झाली, मुंगी गेली आणि फुलपाखरू संपले. संग्राहकाची जाळी या साखळीत कुठेच नाही.

थॉमसच्या हाती उत्तर आले तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या जागी गवत आखूड करण्याचे काम सुरू झाले, साबुलेटी परत येऊ लागली, तेवढ्यात १९७५ आणि १९७६ असे लागोपाठ दोन कोरडे उन्हाळे आले. १९७६ चा दुष्काळ तर ब्रिटनमध्ये अजून आठवला जातो. मूठभर फुलपाखरांना तो तडाखा पेलला नाही. रोग कळला आणि रोगी दगावला.

मात्र ही जात युरोपात इतरत्र शिल्लक होती. १९८३ मध्ये स्वीडनच्या ओलांड बेटावरून सुरवंट आणून डार्टमूरवर सोडण्याचा पहिला प्रयोग झाला. या वेळी आधी जागा तयार केली होती. झाडोरा काढला, गुरे आणि तट्टे पुन्हा चरायला सोडली, आणि साबुलेटीची वारुळे पुरेशी झाली याची खात्री केल्यावरच पाहुणे आणले. डेव्हिड सिमकॉक्स हा थॉमसचा सहकारी पुढची अनेक वर्षे या कामाला जुंपला होता. हळूहळू सॉमरसेटमधल्या टेकड्यांवर वसाहती वाढल्या. त्यांतल्या कॉलर्ड हिल या टेकडीवर आज कुणालाही जाऊन हे फुलपाखरू पाहता येते. २०१९ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या रॉडबरो कॉमन या गायरानावर ११०० सुरवंट सोडले आणि पुढच्या उन्हाळ्यात सुमारे ७५० फुलपाखरे उडाली. त्या भागात दीडशे वर्षांत ते दिसले नव्हते. २०२२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये सुमारे २०,००० लार्ज ब्लू उडाल्याचा अंदाज आहे.

या यशाचा एक उपफायदा झाला, आणि माझ्या मते तो मुख्य फायद्याइतकाच मोलाचा आहे. दोन बोटे गवताच्या तापलेल्या उतारावर फक्त लार्ज ब्लू जगत नाही. एका फुलपाखरासाठी गुरे परत आणली, तर त्याच उतारांवरची इतर दुर्मीळ फुलपाखरे आणि रानफुलेही वाढली. त्यांच्यासाठी वेगळी समिती नेमावी लागली नाही.

या एका फुलपाखरावरून एकूण कीटकांकडे वळण्यासाठी आता जर्मनीकडे जाऊ. क्रेफेल्ड या गावात १९०५ साली स्थापन झालेली हौशी कीटक-अभ्यासकांची एक संस्था आहे. तिचे सभासद १९८९ पासून निसर्गराखीव जागांमध्ये मालेझ सापळे लावत आले. हा सापळा म्हणजे कापडी तंबूच. १९३०च्या दशकात रेने मालेझ हा स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ ब्रह्मदेशात गेला होता. तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्याकडे जातात आणि तिथे फट असेल तर बाहेर पडतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्याने त्या कोपऱ्यातच बाटली लावली. क्रेफेल्डच्या लोकांनी अशा बाटल्यांतले कीटक वर्षानुवर्षे जपले आणि वजन करून ठेवले. ६३ राखीव जागा आणि २७ वर्षे, एवढा हा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा खळबळ उडाली. उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन पाऊणपटीहून जास्त घटले होते. ऐन उन्हाळ्यातली घट तर ८२ टक्के होती.

या आकड्यावर आक्षेपही आले, आणि त्यांत तथ्य होते. बहुतेक जागांवर सापळा एकाच वर्षी लावला होता, दरवर्षी नाही. नंतर २०२० मध्ये जगभरातल्या १६६ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून जो अभ्यास झाला, त्यात जमिनीवरच्या कीटकांची घट दशकाला सुमारे ९ टक्के निघाली आणि गोड्या पाण्यातल्या कीटकांमध्ये उलट दशकाला सुमारे ११ टक्के वाढ दिसली. म्हणजे ‘कीटक शंभर वर्षांत संपणार’ असे मथळे देणाऱ्यांनी घाई केली. पण दशकाला नऊ टक्के हेही थोडे नाही. तीस वर्षांत जवळजवळ पाव हिस्सा जातो. शिवाय या पाहण्यांमधल्या बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या. आशियाचा वाटा त्यात किरकोळ आहे.

क्रेफेल्डच्या आकड्यापेक्षा मला त्या सापळ्यांची जागा जास्त अस्वस्थ करते. ते सगळे सापळे राखीव क्षेत्रांत होते. तिथे नांगर चालत नाही, इमारत उभी राहत नाही. तरी कीटक गेले. या राखीव जागा लहान, आणि चहूबाजूंनी बहुतेक शेती. फवारा वाऱ्यावर येतो, खतातला नायट्रोजन पाण्यातून आणि हवेतून झिरपतो. त्यातून गवत माजते आणि रानफुले दबतात. युरोपीय संघाने तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्यावरच्या वापरावर २०१८ मध्ये बंदी घातली, त्यामागे मधमाश्यांची काळजी होती. पुढच्या वर्षी बव्हेरियात ‘मधमाश्या वाचवा’ या मागणीवर साडेसतरा लाखांच्या आसपास लोकांनी सरकारी कचेऱ्यांसमोर रांगा लावून सह्या केल्या आणि राज्याला कायदा बदलावा लागला. कीटकांसाठी एवढी माणसे रांगेत उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. असो. मुद्दा असा की डार्टमूरला कुंपणाने आतले गवत वाढवले आणि क्रेफेल्डला कुंपणाने बाहेरचे विष अडवले नाही. दोन्हीकडे राखीव जागेचा नकाशा तेवढा अबाधित राहिला.

हे वाचताना साताऱ्याजवळच्या कास पठाराची आठवण होणे साहजिक आहे. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर मातीचा पातळ थर आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यातून उगवणारे सीतेची आसवे, गेंद, तेरडा, सोनकी यांचे ताटवे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या, त्यांत कास आहे. गर्दी उसळली, फुले तुडवली जाऊ लागली, म्हणून पठाराला लोखंडी कुंपण घातले. हेतू चांगलाच होता. कुंपणाने माणसांबरोबर गुरेही अडवली. काही वर्षांनी गवत आणि मोठी झुडपे वाढून बुटकी फुले कमी झाल्याची तक्रार गावकरी करू लागले. काही अभ्यासकांनीही तोच धोका बोलून दाखवला. शेवटी ते कुंपण काढण्यात आले.

गावकऱ्यांचे म्हणणे मला पटते. सड्यावरची बरीचशी फुले वीतभरही उंच नसतात. त्यांच्यावर गवताने सावली धरली की त्यांचा खेळ संपला. गुरांचे शेण गेले की शेणकिडे गेले, आणि शेणकिडे खाणारे पक्षीही कमी होतात, ही आणखी एक साखळी. परंतु गुरे परत सोडली की काम झाले, असे मानणे म्हणजे कुंपणावरचाच भाबडेपणा उलट्या दिशेने करणे. डार्टमूरवर गुरे कधी आत घ्यायची आणि थाइम फुलायच्या दिवसांत त्यांना कधी बाहेर काढायचे, याचा हिशेब होता, कारण अंडी असलेल्या कळ्या गाईच्या पोटात जाऊन चालत नाहीत. किती गुरे, कोणते महिने, कोणता भाग, हे कासवरही ठरवावे लागेल. त्यासाठी कुणीतरी उन्हाळे-पावसाळे तिथे बसून मोजावे लागेल. फुलांच्या हंगामात पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातला थोडा भाग या मोजणीवर खर्च झाला, तर तो सत्कारणी लागेल.

कासचे निदान नाव तरी आहे. सोलापूर, नगर, बीडकडच्या माळरानांना तेही नाही. सरकारी कागदावर ती पडीक जमीन. पाऊस कमी, माती हलकी, म्हणून तिथे गवत आणि खुरटी काटेरी झुडपे हीच मूळची संपदा. या गवतात नाकतोडे, भुंगेरे, वाळवी वाढते. त्यावर चंडोल, तित्तिर आणि एकेकाळी माळढोकही जगायचा. माळढोकासाठी १९७९ मध्ये, म्हणजे लार्ज ब्लू संपला त्याच वर्षी, नान्नजचे अभयारण्य जाहीर झाले. आज तिथे माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या या माळांवर फिरत आली. चारून पुढे जायचे आणि मागे गवताला सावरायला वेळ द्यायचा, अशी त्यांची रीत. आता वाटा तुटल्या. काही माळ नांगराखाली गेले, काहींवर मेंढरांचा नको तेवढा ताण पडतो आणि उरलेल्यांवर आपण झाडे लावतो.

हे शेवटचे संकट पुण्याईच्या वेषात येते. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य होते. जंगल तुटलेल्या जागी झाड लावणे योग्यच. पण माळावर सावली पाडणे आणि डार्टमूरवर गवत वाढू देणे यांत मुंगीच्या किंवा नाकतोड्याच्या दृष्टीने काही फरक नाही. त्यातही लावायला सोपे आणि गुरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणून गिरिपुष्प निवडले जाते. पुण्याच्या टेकड्या त्याने भरल्या आहेत. हे मध्य अमेरिकेतले झाड. त्याचे दुसरे नाव उंदीरमारी. मार्चमध्ये फुलांनी लगडते तेव्हा छान दिसते, पण आपल्या मातीतल्या किती सुरवंटांचे ते अन्न आहे हे पाहायला त्याच्या पानांखाली एकदा डोकवावे. त्याच टेकडीवरच्या बोरीवर, रुईवर, टेंभुर्णीवर सुरवंट सापडतात. रुईवर प्लेन टायगर, टेंभुर्णीवर बॅरोनेट आणि बोरीवर मघाशी आलेले पियरो. वृक्षारोपणासाठी जागा साफ करताना पहिला घाव याच काटेरी बोरींवर पडतो.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू ठरवले. असा मान फुलपाखराला देणारे हे देशातले पहिले राज्य. चांगले झाले. राणी पाकोळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, बागेतही येते. तिचे बरे चालले आहे. पियरोसाठी मात्र बोरीचे झुडूप, त्याखालची उघडी तापलेली जमीन आणि तिच्यातल्या मुंग्या हे सगळे एकत्र टिकवावे लागते. ते टिकवायला मोठे अभयारण्य लागत नाही. गावाचे गायरान, बांधाची कड, देवाच्या माळाचा तुकडा पुरतो. मोठ्या प्राण्यांच्या तुलनेत कीटकांची ही सोय आहे.

वृक्षारोपणाचे बोलावणे येत्या पावसाळ्यातही येईल. जागा माळाची असेल तर खड्डा खणण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारा की इथे पूर्वी काय उगवायचे, गुरे-मेंढरे कधी चरायची आणि ती कधीपासून बंद झाली. बोर, रुई, टेंभुर्णी उभ्या असतील तर त्यांना हात लावू नका. झाडे लावायचीच असतील तर ती रस्त्याच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात लावा. आणि सप्टेंबरमध्ये एक वही घेऊन त्याच माळावर या. २०२० पासून त्या महिन्यात देशभर फुलपाखरांची मोजणी होते. तिच्यात कुणालाही भाग घेता येतो. जागा, तारीख, वनस्पती आणि दिसलेले फुलपाखरू एवढे लिहा. जवळपास गुरे चरत होती का आणि गवत किती उंच होते, हेही लिहा.